निसर्गोपचार आणि माझी मान

सिद्धेश्वरात ताप आलेल्या माणसाला लोक औंढ्याचा दवाखाना सांगतात. खाज सुटलेल्याला मात्र जो तो औषधच सांगतो. ताप दिसत नाही, खाज दिसते, आणि दिसणाऱ्या गोष्टीवर मत देणं हा आपला जन्मसिद्ध हक्क. माझी खाज मानेवर, पापण्यांवर आणि कोपरांच्या खळग्यांत होती. म्हणजे मत देणाऱ्यांच्या अगदी सोयीची.

"साहेब, कामून खाजवायलाव?" इथून सुरुवात व्हायची आणि निदानावर थांबायचं. कुणी इसब म्हणे, कुणी नायटा, कुणी रक्त बिघडलंय म्हणे. नायटा बुरशीनं होतो आणि दुसऱ्याला लागतो. इसब लागत नाही. पण हे कटिंगवाल्याला कोण सांगणार? त्यानं माझ्यासाठी वेगळा टॉवेल काढला. आदल्या आठवड्यापर्यंत त्या टॉवेलनं तो मोटारसायकल पुसत असे. मीही मान मुकाट्यानं पुढं केली.

मला सुईची भीती आणि डॉक्टरच्या फीची त्याहून जास्त. त्यामुळं मी निसर्गाकडं वळलो. हिंगोली जिल्ह्यात निसर्ग म्हणजे आधी हळद. आमच्या सिद्धेश्वर धरणाचं पाणी कालव्यानं तिकडं वसमतला जातं, आणि २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून आमची छाती दोन बोटं जास्तच फुगलेली आहे. शेजारच्या काकूंनी घरची हळद दिली. ती मी खोबरेलात कालवून तोंडाला, मानेला थापली. खाज तशीच राहिली, फक्त पिवळी झाली. उशीचे अभ्रे, बनियन, सोफ्याची पाठ यांनाही मानांकन मिळालं. गल्लीतली पोरं विचारायला लागली, "काका, लगीन कोणाचं हाय?" यावर सौ.नं आतून जे उत्तर दिलं ते छापण्यासारखं नाही.

मग कडुनिंब. पाला उकळून त्या पाण्यानं आंघोळ. पाणी मी कढत घ्यायचो, कारण अंगावर तांब्या पडला की खाज अशी थांबायची की डोळे आपोआप मिटावेत. हे सुख शेवटच्या तांब्यापर्यंतच टिके. कढत पाणी कातडीवरचं उरलंसुरलं तेल धुऊन नेतं, ती आणखी कोरडी पडते आणि खाज व्याजासकट परत येते. मग मी खाजवायचो. खाजवल्यानं कातडी सोलायची. सोलल्यानं आणखी खाज सुटायची. या चक्रात माझ्या रात्री जात होत्या, आणि दिवसा मी कडुनिंबाचे गुण लोकांना सांगत होतो.

एवढ्यावर निभावलं असतं. पण किराणा दुकानाच्या बाकावर बसणाऱ्या आबांनी त्यात बिब्बा घातला. खराखुरा. आबांनी कोटाच्या खिशातून काळाभोर बिब्बा काढला, सुईत टोचला आणि दिव्याच्या ज्योतीवर धरला. तो चरचरला, आणि त्याच्या अंगातून दाट काळपट तेल पाझरून सुईच्या टोकाशी थेंब होऊन लोंबलं. "टाचेच्या भेगा याच्यानंच भरत्यात, मान काय चीज हाय!" टाच आणि पापणी यांच्या कातडीत काही फरक असावा, हा विचार बाकावरच्या एकाही माणसाच्या मनात आला नाही. माझ्याही नाही. पापणी वाचली ती केवळ आबांचा हात थरथरत होता म्हणून.

सकाळी मानेवर टपोरे फोड, आणि तोंड एवढं सुजलेलं की दूधवाल्यानं माझ्याकडंच माझी चौकशी केली. बिब्बा हा आंब्या-काजूच्या कुळातला. त्याच्या तेलानं कातडी भाजते, चिघळते. पूर्वी धोबी याच तेलानं कपड्यांवर खुणा करत. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या अंगावर त्या खुणांखाली पुरळ उठलं, आणि त्यांच्या डॉक्टरांनी १९४३ मध्ये त्यावर लेख छापला. त्यांना खूण नकळत लागली होती. मी ती वशिला लावून करून घेतली.

शेवटी सौ.नं मला परभणीच्या बसमध्ये बसवलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी बिब्ब्याची हकीकत ऐकली, हसू दाबलं आणि विचारलं, "रोज सकाळी कुठं जाता?"

हा माझा आवडता विषय. कालव्याच्या भरावावर फिरतो, म्हटलं. मोकळी हवा. खाज वाढल्यापासून जास्तच फिरतो, आणि तिथं बसून दीर्घ श्वसनही करतो.

"गाजरगवत आहे का तिथं?"

कंबरेएवढं होतं, पांढऱ्या फुलांनी डवरलेलं. फोड सुकल्यावर, कातडीला नेमकं काय सोसत नाही ते बघायला, त्यांनी पाठीवर पट्ट्या चिकटवल्या आणि ४८ तासांनी काढल्या. गाजरगवताच्या पट्टीखाली लालभडक चट्टा. १९५६ च्या सुमारास पुण्यात या गवताची नोंद झाली. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर ते आलं असं सांगतात. नंतर ते देशभर पसरलं. त्याचे कण हवेतून येतात आणि मान, पापण्या, कोपरांचे खळगे हेच नेमके धरतात. मी ते रोज पहाटे, पोट आत ओढून, छाती भरून घेत होतो.

बाईंनी समजावलं, की कातडीचा वरचा थर नीट असला तर ओलावा आत राहतो आणि बाहेरचं बाहेर. इसबात तो थर कालव्याच्या फुटलेल्या अस्तरासारखा होतो. काहींचा तो जन्मतःच कच्चा असतो. २००६ मध्ये त्यामागचं एक जनुकही सापडलं. थोडे दिवस लावायचं मलम दिलं, आणि ते संपल्यावर मनानं दुकानातून आणायचं नाही असा दम दिला. बाकी सगळं फुकटातलं: कोमट पाणी, साबण कमी, अंग टिपून ओलसर असतानाच साधं व्हॅसलीन किंवा खोबरेल, सुती कपडे, कापलेली नखं. फिरायला दुसरा रस्ता.

आता गावात मी इसबाचा जाणकार. लोक मान, पोटऱ्या उघड्या करून ओट्यावर येतात. मी सांगतो: कोमट पाणी, आंघोळीनंतर लगेच खोबरेल, कशानं उठतं ते शोधा, बरं नाही वाटलं तर डॉक्टर.

"एवढंच व्हय?" ते म्हणतात. चेहरा पडतो. चहा पितात, आणि उठून किराणा दुकानाकडं जातात. आबा तिथं असतातच.