इथे कूळकायदा लागू नाही

हौसेला मोल नसतं असं म्हणणाऱ्यांनी सीडीडीबीचा व्यवहार ऐकलेला नसणार. २००८ मध्ये सोनीने त्या हौसेचे रोख २६ कोटी डॉलर मोजले. हौस ज्यांची होती ते तेव्हा घरी बसून गाणी ऐकत होते.

झालं असं. नव्वदच्या दशकात गाण्यांची सीडी कॉम्प्युटरमध्ये घातली की पडद्यावर उमटायचं, ट्रॅक ०१, ट्रॅक ०२, ट्रॅक ०३. बहुतेक सीड्यांच्या पोटात गाण्यांची नावं नसायचीच. टी कॅन आणि स्टीव्ह शर्फ या दोघांनी तोडगा काढला. गाण्यांच्या लांबीवरून सीडीला एक ओळख-आकडा द्यायचा आणि इंटरनेटवरच्या ‘सीडीडीबी’ या सामाईक यादीत तो शोधायचा. सापडला तर नावं आपोआप येतील. नाही सापडला तर तुम्हीच टाइप करा, म्हणजे पुढच्या माणसाची सोय होईल.

आणि लोकांनी टाइप केलं! जगभरच्या रिकामटेकड्या, सज्जन माणसांनी रात्री जागवून सीडीच्या कव्हरवरची बारीक अक्षरं त्या यादीत उतरवली. आपलेही मागे नव्हते. रोमन लिपीत ‘पूरिया’ला एक यू की दोन ओ, यावर एकमत शेवटपर्यंत झालं नाही. कुणीतरी आदराने नावाआधी ‘पंडित’ लावायचं, आणि मग वर्णानुक्रमात भीमसेन, जसराज आणि कुमार गंधर्व तिघंही ‘प’च्या घरात गुण्यागोविंदाने राहायचे.

पुढे त्या यादीची कंपनी झाली. कंपनीचं नाव बदलून ग्रेसनोट झालं. २००१ मध्ये फर्मान निघालं की यादी वापरायची तर परवाना घ्या. म्हणजे ज्या हौशी प्रोग्रॅममधून लोकांनी नावं भरली, त्यातल्या अनेकांना त्याच यादीचं दार बंद. त्यानंतर सोनीने घेतली. २०१४ मध्ये ट्रिब्यूनने १७ कोटीत घेतली, २०१७ मध्ये नीलसनने ५६ कोटीत. सगळे आकडे डॉलरमध्ये. पूरियातल्या ओ-यूचा हिशेब कुणीही मांडला नाही.

आपल्याकडे निदान ‘कसेल त्याची जमीन’ म्हणायची पद्धत होती. त्यासाठी कूळकायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ ला कसणारी कुळं कायद्याने मालक मानली गेली. तारीख १ एप्रिल होती हे सोडा, कायदा तरी होता. इंटरनेटवर ज्याने डोमेनचे पैसे भरले त्याचा सातबारा. बाकी सगळे ‘युजर’.

आता तुम्ही म्हणाल, गाण्यांच्या याद्यांचं आम्हाला काय! मग क्रिकइन्फो घ्या. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या टीव्हीवर क्रिकेट दिसणं म्हणजे दुर्मीळ योग. विद्यापीठांच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये भारतातले, पाकिस्तानातले, श्रीलंकेतले, ऑस्ट्रेलियातले विद्यार्थी चॅटच्या खोल्यांत जमायचे आणि एकमेकांना विचारायचे, ‘स्कोअर?’ मिनेसोटा विद्यापीठात संशोधन करणाऱ्या सायमन किंग या इंग्रज गृहस्थाने त्यावर ‘क्रिकइन्फो’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. विचारलं की तो स्कोअर सांगायचा. अर्थात तो स्कोअर आधी कुणीतरी भरावा लागायचा. जगाच्या दुसऱ्या टोकाला रेडिओला कान लावून बसलेला कुणीतरी एकेक चेंडू टाइप करायचा. कित्येक पीएच.डी. त्या काळात लांबल्या असाव्यात. गाइड लोकांना कारण कळलं नसेल.

जुन्या सामन्यांचे धावफलकही असेच चढले. पुस्तकातून बघून, हाताने, फुकट. ट्रॅव्हिस बसेव्हीने स्टॅट्सगुरू बनवलं आणि ‘परदेशात, चौथ्या डावात, पराभवात’ असल्या अटी लावून तेंडुलकरची सरासरी काढता येऊ लागली. चहाच्या टपरीवरचे निम्मे वाद त्या दिवशी संपले. उरलेले निम्मे त्याच दिवशी सुरू झाले.

२००० साली डॉटकॉमचा पैसा उतू जात होता. सत्यम इन्फोवेने क्रिकइन्फोतला एक चतुर्थांश हिस्सा घेतला, किंमत ३ कोटी ७५ लाख डॉलर. त्याच वर्षी न्यूझीलंडमधला महिलांचा विश्वचषक क्रिकइन्फोच्या नावाने खेळला गेला. आठवून बघा, त्या काळी बायकांच्या क्रिकेटला प्रायोजक शोधावा लागायचा, आणि तो सापडला विद्यार्थ्यांच्या टाइपिंगमधून उभ्या राहिलेल्या कंपनीत. मग फुगा फुटला. २००३ मध्ये क्रिकेटचं वार्षिक काढणाऱ्या विस्डेनने पदरात घेतलं, २००७ मध्ये ईएसपीएनने. ईएसपीएनमधला मोठा हिस्सा डिस्नेचा. म्हणजे गावस्करच्या पहिल्या मालिकेचे धावफलक आता मिकी माऊसच्या घरात आहेत.

इथे खरेदीदाराच्या नावाने बोटं मोडायचा रिवाज आहे. मला तो पटत नाही. विस्डेन आलं नसतं तर ते धावफलक कुठल्या हार्ड डिस्कवर गंजले असते कोण जाणे. शिवाय साइट विकली गेली म्हणून बिघडते असं नाही. तिला सुधारायला माणसं नेमली की बिघडते. क्रिकइन्फोच्या मुख्य पानाने किती वेळा कात टाकली! स्टॅट्सगुरू मात्र वर्षानुवर्षं त्याच रूक्ष फॉर्मात राहिलं. रकाने भरा, बटण दाबा, आकडे घ्या. सुधारणा करणाऱ्यांच्या नजरेत ते भरलं नाही, आणि त्यामुळेच ते वापरण्याजोगं उरलं.

ॲमेझॉनला तर हौसेचा भलताच सोस. कोणत्या नट्यांचे डोळे सुंदर, या १९९० मधल्या गप्पांतून सिनेमांच्या याद्या सुरू झाल्या आणि त्यांची आयएमडीबी झाली. ती ॲमेझॉनने १९९८ मध्ये घेतली. वाचणाऱ्यांचं गुडरीड्स २०१३ मध्ये. कॅमेरावेड्यांचं डीपीरिव्ह्यू २००७ मध्ये. या शेवटच्याची कथा ऐका. फिल अ‍ॅस्कीने १९९८ मध्ये लंडनहून सुरू केलेली ही साइट. प्रत्येक कॅमेऱ्याने तेच ठरावीक दृश्य टिपायचं आणि ते चित्र इतकं मोठं करून शेजारी शेजारी ठेवायचं की कंपन्यांची बोलती बंद व्हावी. मार्च २०२३ मध्ये घोषणा झाली की १० एप्रिलला कुलूप. पंचवीस वर्षांचं काम, आणि आवराआवरीला तीन आठवडे. भाडेकरूला नोटीसही महिन्याची देतात! लोक पानं उतरवून घ्यायला धावले. शेवटी जूनमध्ये गिअर पट्रोल नावाच्या कंपनीने ती विकत घेतली आणि कुलूप टळलं.

परदेशातल्या कोटींचं राहू दे, आपल्या ओट्यावर या. भाजणीचं प्रमाण हवं म्हणून परवा एका पाककृतींच्या साइटवर गेलो. नाव सांगत नाही, तुमच्याही फोनमध्ये असेल. एकेकाळी तिथे कुणी काकू लिहायच्या, ‘दोन वाट्या ज्वारी, एक बाजरी, धणे मूठभर, धान्यं वेगवेगळी भाजा,’ आणि विषय संपवायच्या. आता आधी कुकीजना संमती द्या. मग ॲप घ्या. मग आजीच्या वाड्याचं, अंगणाचं आणि पहिल्या पावसाचं वर्णन. तेवढ्यात कोपऱ्यातून एक व्हिडिओ निघाला आणि बोट जाईल तिकडे मागे येऊ लागला. भाजणीपर्यंत पोचलो तर ‘प्रमाणासाठी सभासद व्हा’. हाताला पीठ, फोनला पीठ. प्रमाण शेवटी शेजारणीला विचारलं. तिने कुकीज मागितल्या नाहीत. वाटीभर भाजणीच दिली.

तरी त्या साइटची बाजू घेतो, कारण दुसरं कुणी घेणार नाही. सर्व्हरचं बिल दर महिन्याला येतं, हौस वयाबरोबर कमी होते. सुरू करणाऱ्याला मुलं होतात, गुडघे दुखतात. त्याने वर्षाला शंभर रुपये मागितले असते तर आपण काय केलं असतं? ‘व्यापारीकरण झालंय हो,’ म्हणालो असतो. मल्टिप्लेक्समध्ये पॉपकॉर्नला चारशे देताना हे वाक्य आपल्याला सुचत नाही.

काही कुळं मात्र शहाणी निघाली. सीडीडीबीचा धडा घेऊन म्युझिकब्रेन्झ उभं राहिलं. ते ना-नफा संस्थेच्या हाती आहे आणि तिथली मूळ माहिती सार्वजनिक मालकीची. उद्या कुणाला मोह झाला तरी विकणार काय? क्रिकेटमध्ये स्टीफन रश नावाचा माणूस क्रिकशीटवर चेंडूगणिक आकडे मोकळे वाटतोय. आणि १९८९ पासून आगगाडीवेड्यांची आयआरएफसीए आहेच. कुठल्या घाटात गाडीला मागून ढकलणारं कुठलं बँकर इंजिन लागायचं यावर तिथली माणसं हिरिरीने बोलतात. इतक्या कोरड्या विषयावर अजून कुणी कोटींची बोली लावलेली नाही, हे त्यांचं भाग्य.

बाकी आपण सुधारलो का? उलट मधला टप्पाच गाळला. पूर्वी हौस आधी आणि कंपनी नंतर यायची. आता आपण हौस थेट कंपनीच्याच दारात नेऊन टाकतो. आमच्या सोसायटीतले एक निवृत्त बँक अधिकारी गूगल मॅप्सचे ‘लोकल गाइड’ आहेत. एका अभिप्रायाला १० गुण, फोटोला ५. नोकरीत एका व्हाउचरवर तीन सह्या मागणारे हे गृहस्थ आता वडापावच्या गाडीपासून स्मशानभूमीपर्यंत सगळ्यांना विनामोबदला तारे वाटत फिरतात. पैसे किती मिळतात म्हणून विचारलं, तर दुखावले. ‘पैसे कसले? लेव्हल वाढते!’

परवा त्यांनी आमच्याच इमारतीच्या पार्किंगला चार तारे दिले. पाचवा का कापला म्हणून सेक्रेटरी भांडायला गेले, तर हे त्यांना म्हणाले, ‘अपील करा. त्याचेही गुण मिळत असतील.’