तात्यांची बॅटरी

कोजागरीचं दूध पिऊन गाव निवांत झोपतं. आमच्या आळीतले तात्या मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीच ट्रंक उघडतात. गोधड्या उन्हात पडतात, कानटोपीला डांबरगोळ्यांचा वास सुटतो, शेळ्यांच्या गोठ्याला बारदान शिवायला दाभण बाहेर येतं. घरात अजून पंखा चालू असतो.

"तात्या, थंडी कुठंय?"

"वेळ सांगून येती का?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पाठोपाठ दुसरं: "हे नगर हाय बाबा, कधी कधी महाबळेश्वरापेक्षा पारा खाली जातो इथं." २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, तरी तात्यांच्या तोंडी नगरच. थंडीलाही अजून कुणी कळवलेलं दिसत नाही.

२०२३ च्या नोव्हेंबरअखेरीस पारनेर भागाला गारपिटीनं झोडपलं. आमचं गाव प्रवरेकाठी, पारनेर कुठल्या कुठे. पण तेव्हापासून तात्यांच्या ओट्यावर दोन घमेली पालथी असतात. गारा आल्या तर डोक्यावर घ्यायला. एक स्वतःला, एक पाहुण्याला. काकूंचं काय, असं विचारलं तर म्हणाले, "तिला परात हाय की."

ग्राम सुरक्षा यंत्रणेचा नंबरही त्यांना तोंडपाठ आहे. गावातल्या एकानं फोन लावून बोललं, की त्याचा आवाज एकाच वेळी सगळ्यांच्या मोबाइलवर जातो. चोर, आग, बिबट्या, यासाठीची सोय. मागच्या डिसेंबरात रात्री दोन वाजता अख्खं गाव दचकून उठलं आणि कानात तात्या: "गारठा वाढलाय. शेगडी आत घेऊन दार लावून झोपू नका, कोळशाच्या धुरानं माणूस झोपेतच जातो." सल्ला खरा होता. दुसऱ्या दिवशी पारावर त्यांना जे ऐकावं लागलं, तेही खरं होतं.

पण जीव बॅटरीत. चार सेलची, स्टीलची, रोज रॉकेलच्या बोळ्यानं पुसलेली. उशाशी असते. नातवानं हात लावला तर घरात आणीबाणी.

ऊसतोड सुरू झाली, की फडात पिल्लं घालून बसलेली बिबट्याची मादी बाहेर पडते आणि त्याच दिवसांत थ्री फेज नेमकी रात्री येते. गव्हाला पाणी द्यायला माणसानं जायचं कुठं? अंधारातच. शेजारचा पोरगा असाच बारं देत होता, तर बांधावर दोन डोळे चमकले. त्याच्या ओरडण्यानं आळी जागी झाली. "तात्या, बॅटरी!" तात्यांनी बटण दाबलं. अंधार. पुन्हा दाबलं. मग सावकाश म्हणाले, "सेल काढून ठेवलेत. आत राहिले तर पाझरतात." कुठे ठेवलेत? डब्यात. डबा? ट्रंकेत. किल्ली? काकूंच्या कमरेला. काकू? माहेरी.

पोरं मोबाइलच्या उजेडात धावली. तात्याही मागून, एका हातात घमेलं, दुसऱ्यात पळी, ढणाढणा वाजवत. बिबट्या आधीच उसात शिरला होता की घमेल्याला भ्याला, यावर पारावर आजही दोन तट आहेत. त्या रात्री पोरगा थरथरत होता. तात्यांनी आपली कानटोपी त्याच्या डोक्यावर चढवली, पाचटाची शेकोटी केली आणि वीज जाईपर्यंत बांधावर बसून राहिले. टकलावर दव पडत होतं. घरी कशाला जात नाही म्हटल्यावर म्हणाले, "बारं पुरं व्हायचंय अजून."

यंदा सेल नवे आणलेत. तेही काढूनच ठेवलेत. डबा मात्र आता देवळीत असतो आणि तसं आळीतल्या प्रत्येकाला दोनदा सांगून झालंय. तुमच्याही घरात असे कुणी तात्या असतील. त्यांच्या बॅटरीला खुशाल हसा. फक्त सेल कुठे ठेवलेत, तेवढं आजच विचारून घ्या.