करंडक ते कोमा

ऑगस्टमध्ये पुण्यात भरत नाट्य मंदिराच्या आसपास दाढी वाढलेला, घसा बसलेला मुलगा दिसला की समजावं, हा ‘पुरुषोत्तम’ करतोय. २०२२ साली या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेचा करंडक परीक्षकांनी कुणालाच दिला नव्हता. आमचा नट त्याच वर्षीचा. ‘आम्हाला मिळाला नाही’ असं तो म्हणत नाही, ‘कुणालाच दिला नाही’ असं म्हणतो.

पुढे इंजिनीअरिंगची पदवी ट्रंकेत ठेवून तो मुंबईला येतो. कांदिवलीत चौघांत एक खोली. डेली सोप करायचा नाही, हे तत्त्व खोलीचं डिपॉझिट भरेपर्यंत टिकतं. मग मोबाइल भिंतीला टेकवून ऑडिशन. नाव, वय, उंची (दोन इंच वाढवून), डावी बाजू, उजवी बाजू. रडणाऱ्या नायिकेची वाक्यं रूममेट म्हणतो, कांदा चिरता चिरता.

अखेर घोडबंदर रोडवरच्या बंगल्यात त्याला नायकाचा चुलतभाऊ मिळतो. पहिल्याच दिवशी तो विचारतो, “माझ्या पात्राचा भूतकाळ काय?”

“पुढच्या आठवड्यात येईल,” ईपी, म्हणजे कार्यकारी निर्माता, सांगतो.

त्याचा पॉजही मालिकेला मानवत नाही. स्पर्धेत त्याच पॉजला टाळ्या पडायच्या, इथे दिग्दर्शक ओरडतो, “वाक्य विसरलास का रे?” प्रायोगिकवाले मित्र अर्थातच नाकं मुरडतात. मला मात्र ते पटत नाही. दोन महिने तालीम करून चाळीस मिनिटांची एकांकिका बसवणारा हा मुलगा इथे व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला सीन मेकअप होईतो पाठ करतो, तोही बारा-तेरा तासांच्या शिफ्टच्या शेवटी. हे कुठल्याही शिबिरात शिकवत नाहीत.

पैशाचं गणित निराळं. नाटकाच्या नाइटचं पाकीट लहान, पण प्रयोगाच्या रात्रीच हातात. मालिकेचा चेक नव्वद दिवसांनी. तोवर चुलतभाऊ जिवंत राहील की नाही, हे दर गुरुवारी येणारा टीआरपी ठरवतो. एका गुरुवारी आकडा पडतो आणि चुलतभावाला काढायचं ठरतं. अमेरिकेला पाठवायचं की अपघात, एवढाच प्रश्न उरतो. आमचा नट जाऊन लेखकाला गळ घालतो, “सर, अपघातच करा. कोमात ठेवा.” अमेरिकेला गेलेला माणूस परत येत नाही, कोमातला उठू शकतो. शिवाय पलंगावर पडलेला दिसला, तरी पर-डे मानधन चालू.

तो कोमाचाही अभ्यास करतो. श्वास कुठून घ्यायचा, पापणी कशी ठेवायची. एकदा तर शॉटमध्ये खरोखर झोपतो, दिग्दर्शक खूश, “आज खरा वाटलास!”

सांगलीहून आईचा फोन येतो. “अरे, काल तुझी बोटं हलली ना? शेजारच्या काकू म्हणाल्या, आता उठेल.”

“हलली गं. पण उठायचं की नाही, ते गुरुवारी कळेल.”