होटगीचे नफेवाले अण्णा

होटगीत ट्रकवाले अण्णा एकटे-दुकटे नाहीत. डिझेल पंपावर किंवा टायरच्या दुकानासमोर नुसती 'अण्णा' अशी हाक मारा, तीन-चार जण वळून बघतील. कपाळाला विभूती, वरच्या खिशात दोन मोबाईल आणि बिल्ट्यांची जाड घडी. धंद्याचं विचारलं की उत्तर ठरलेलं. "यंदा नफा झकास आहे की ओ मालक!" चहाचे पैसे मात्र तुम्ही द्यायचे.

अण्णा खोटं बोलत नाहीत. नफा खरोखरच आहे, ताळेबंदावर सीएची सही आहे. माल उतरला, पोच मिळाली, बिल गेलं की भाडं उत्पन्नात धरलं जातं. पार्टी पैसे देते दोन महिन्यांनी. सोलापूरहून एकाच मार्गानं आलेल्या रेल्वेगाड्या होटगी जंक्शनला फुटतात, एक विजापूर-गदगकडे, दुसरी कलबुर्गी-वाडीकडे. अण्णांचा नफा आणि पैसा हेही बिलापर्यंत जोडीनं येतात आणि तिथं एकमेकांचा निरोप घेतात.

सीएच्या ऑफिसातला प्रसंग दर वर्षी तोच.

"अण्णा, पेढे आणा. बारा लाख नफा."

"कुठं आहे?"

"पुस्तकात."

मग हप्त्यावरून वाद. लाख रुपयांच्या हप्त्यातलं चाळीस हजार व्याज खर्चात पडतं, साठ हजार मुद्दल पडत नाही, कारण ती कर्जाची परतफेड. उलट गाडीचा घसारा खर्चात जातो, आणि त्यापायी त्या वर्षी खिशातून दमडी गेलेली नसते. "म्हणजे गेलेलं लिहायचं नाही आणि न गेलेलं लिहायचं? तुमचं शास्त्र लय अवघड आहे बघा," म्हणत अण्णा उठतात. तेवढ्यात सीए आठवण करतो, १५ मार्चला आगाऊ कराचा शेवटचा हप्ता. नफा पार्टीकडे अडकलाय, कर तेवढा रोख.

कायदा अण्णांच्या बाजूचा आहे. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार छोट्या उद्योगाचे पैसे लेखी करार असला तर फार तर ४५ दिवसांत, नसला तर १५ दिवसांत द्यायचे. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. आकारणी वर्ष २०२४-२५ पासून तर असे थकवलेले पैसे, चुकते होईपर्यंत, पार्टीला आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाहीत. अण्णांकडे उद्यमचं प्रमाणपत्र आहे, लॅमिनेशन करून देवघराशेजारी लावलेलं. पार्टीला दाखवलं का? "येडं का काय! उद्या काम दुसऱ्याला देतील की." त्यामुळे त्या कागदाला रोज उदबत्ती तेवढी मिळते.

अण्णांचा खरा घात मात्र पार्टी करत नाही, बरकत करते. एका गाडीला डिझेल, ड्रायव्हरचा भत्ता, टोल धरून महिन्याला दीड लाख रोख लागतात. पैसे दोन महिन्यांनी येणार, म्हणजे पहिला रुपया हातात पडायच्या आधी तीन लाख रस्त्यावर. दुसरी गाडी घेतली की आणखी तीन, शिवाय डाउन पेमेंट. नफा दुप्पट होतो आणि ओढाताणही. यावर अण्णांकडे एकच इलाज आहे, तिसरी गाडी. बँकवाले नफा बघून आनंदानं कर्ज देतात आणि वास्तुशांतीसारखी पूजा करून अण्णा ती अंगणात उभी करतात.

पेमेंट जमा झालं त्या दिवशी अण्णा राजे. दुपारी पंपवाला, संध्याकाळी टायरवाला, रात्री भिशीवाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा "पैशे यायलेत की ओ!"

घरात हे सगळं फक्त वहिनींना समजलंय. त्यांनी ताळेबंद कधी वाचला नाही. डब्यात किती आहेत आणि शनिवारपर्यंत कुणाला किती द्यायचेत, एवढंच त्या बघतात. घर चालतं ते त्यामुळे.

तेव्हा अण्णांच्या घरी लेक द्यायचा विचार असेल तर गाड्या मोजू नका, नफाही विचारू नका. हप्ता पाच तारखेला असतो. त्या दिवशी सकाळी अण्णांना फोन लावून बघा. उचलला तर सुपारी फोडायला हरकत नाही.