माल कुठे आहे?

एडिसन, न्यू जर्सी

ती. बाबा आणि आईस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही सगळे इथे मजेत आहोत. नव्या कॉम्प्युटरची खुशाली रोज फोनवर कळतेच. पण तुमची सकाळ म्हणजे आमची झोपायची वेळ. परवा तुमचे जावई झोपेत "बाबा, राइट क्लिक करा" म्हणाले, तेव्हा ठरवलं, आता पत्रच लिहायचं. मुद्दाम कागदावर पाठवतेय. मशीन बंद पडलं तर काय करायचं, हे मशीनमध्ये कसं वाचणार?

बाबा, धरमतरच्या जेट्टीवर नोकरीभर तुम्ही एकच प्रश्न विचारलात, "माल कुठे आहे?" कॉम्प्युटरलाही तोच विचारा. निम्मे शब्द आपोआप सुटतील.

मोठी जहाजं आपल्या खाडीत येत नाहीत, पाणी पुरत नाही. ती बाहेर समुद्रात नांगर टाकतात, बार्ज त्यांच्याकडून कोळसा आणि खनिज जेट्टीवर आणतात, आणि डोलवीचा कारखाना तिथून उचलतो. तुमच्या मशीनमध्ये हाच धंदा चालतो. मोठं जहाज म्हणजे हार्ड डिस्क. तुमच्यात तिच्या जागी एसएसडी आहे, काम तेच, वेग जास्त. जेट्टी म्हणजे रॅम. कारखाना म्हणजे प्रोसेसर, म्हणजेच सीपीयू. कुठल्या बार्जला कधी धक्क्याला लावायचं हे ठरवणारा सुपरवायझर म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, तुमच्याकडे विंडोज.

तुमचं जहाज 512 जीबीचं आणि जेट्टी 8 जीबीची, म्हणजे जहाजाच्या 64 व्या हिश्शाएवढी. कीर्तन, क्रिकेट, वर्तमानपत्र आणि पत्ते सगळं एकदम उघडलंत की जेट्टी भरते, बार्ज खोळंबतात, आणि तुम्ही मला फोन करता की मशीन 'हँग' झालं.

आता मंडळाच्या वर्गणीच्या यादीबद्दल. लाइट गेली आणि यादी नाहीशी झाली, त्यात तुमचा काही हात नाही, हे खजिनदारांना माझ्या नावाने सांगा. यादी जेट्टीवर होती, जहाजावर चढवलीच नव्हती. वीज गेली की रॅम रिकामी होते आणि पावतीही देत नाही. 'सेव्ह' म्हणजे माल जहाजावर चढवणं. कंट्रोलचं बटण दाबून धरायचं आणि एस दाबायचा, दर चार ओळींनी. पहिल्या वेळी ते विचारेल, कुठल्या फोल्डरमध्ये ठेवू? तिथे घाईने एंटर मारू नका. नाव वाचा, नाहीतर माल जहाजावर असूनही सापडणार नाही.

टेबलाखालच्या डब्याला पेणचा दादा 'सीपीयू' म्हणतो. त्याच्याकडे एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट आहे, त्यामुळे घरात कुणी उलट बोलत नाही. पण तो डबा म्हणजे कॅबिनेट. सीपीयू त्याच्या आत असतो, जेमतेम दीड इंचाची चिप. ती तापते म्हणून पंखा असतो आणि त्याची गरम हवा मागून बाहेर पडते. आई, ती हवा पोह्याचे पापड वाळवण्यासाठी नाही गं! तू ताट लावलंस की हवा अडते, चिप तापते आणि स्वतःला वाचवायला काम हळू करते. पापड मात्र छान झाले होते. आमच्याकडचे संपले.

जीबी, एमबी ही वजनमापं. आठ बिटांचा एक बाइट, साधारण हजार बाइटांचा केबी, हजार केबींचा एमबी, हजार एमबींचा जीबी. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, आणि काना-मात्रा नसलेल्या साध्या मराठी अक्षराला नेहमीच्या युनिकोड पद्धतीत तीन. म्हणजे 'धरमतर' या पाच अक्षरांना 15 बाइट. मराठीवर जादा भाडं का, म्हणून चिडू नका. 3 एमबीच्या एका फोटोच्या जागेत 'धरमतर' दोन लाख वेळा मावतं. जागा खातात ते आईच्या मैत्रिणींचे शुभ सकाळचे गुलाब.

इंटरनेट उपग्रहावरून येतं, असं तुम्ही शेजारी सांगितलंत म्हणे. इथला आमचा व्हिडिओ कॉल बहुधा समुद्राच्या तळावरच्या केबलमधून येतो. त्यातल्या बऱ्याच केबल मुंबईत वर्सोव्याला किनाऱ्याला लागतात. 'क्लाऊड'सुद्धा आभाळात नसतो. तो दुसऱ्याच्या गोदामातला कॉम्प्युटर, आणि अशी मोठी गोदामं ऐरोली-महापेलाही आहेत. नातवाचे फोटो तिथे ठेवलेत तरी एक प्रत घरच्या जहाजावर असू द्या. भाडं थकलं किंवा पासवर्ड विसरला की गोदामवाला दार उघडत नाही.

आणि बँकेतून बोलतोय म्हणून कुणी 'स्क्रीन शेअर करा' म्हणालं, तर फोन आईकडे द्या. तिच्यापुढे कोणी टिकत नाही.

बाकी सर्व क्षेम. गणपतीला येतोय, हमरापूरची मूर्ती सांगून ठेवा.

तुमची,
बेबी

ता. क. : नातू म्हणतो, आजोबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलेला पासवर्ड बदलावा. व्हिडिओ कॉलवर तो तुमच्या डोक्यामागे स्वच्छ दिसतो, आणि आता त्याच्या सगळ्या मित्रांना पाठ आहे.