दुरून कारभार

झाशीतल्या मराठी घरात कॉम्प्युटर बिघडला, की तो दुरुस्त करणारा माणूस सहसा झाशीत नसतो. तो पुण्याला हिंजवडीत, नोएडाला, बंगळुरूला नाहीतर थेट न्यू जर्सीत असतो. पत्रं लिहिण्याच्या काळात अशा माणसाच्या नावामागे ‘चि.’ लागायचं, म्हणून आपण त्याला चिरंजीवच म्हणू. झाशीत मागे उरतात ते तीर्थरूप. चिरंजीव कंपनीत पगारपत्रकं तपासत असोत की नुसत्या मीटिंगा घेत असोत, घरच्यांच्या लेखी ते ‘कॉम्प्युटरमध्ये’ आहेत आणि त्यामुळे घरच्या कॉम्प्युटरच्या प्रकृतीची जबाबदारी आपोआपच त्यांच्याकडे येते. ती ते आनंदाने घेतात. झेलम एक्सप्रेसने पुण्याहून झाशीला यायला जवळजवळ एक दिवस जातो. तेवढा वेळ चिरंजीवांकडे नसतो, पण इंटरनेट असतं. फोन उचलला की त्यांची पहिली दोन वाक्यं ठरलेली असतात, “बाबा, तुम्ही कशाला हात लावू नका. मी इथून बघतो.” चिरंजीवांचं सगळं तत्त्वज्ञान या दोन वाक्यांत आलं, आणि ते साफ चुकीचं आहे. कारण यानंतरच्या पाऊण तासात ते जे काही बोलतात, ते सगळं तीर्थरूपांनी कशाकशाला हात लावावा याविषयी असतं. वायर बघा, ते काळं बटण दाबा, राउटरचे दिवे मोजा, टेबलाखाली वाकून मागची पिन घट्ट करा. दुरून चालणारा कारभार जागेवरच्या दोन हातांवर चालतो आणि चिरंजीव हिशेबात नेमके तेच दोन हात धरत नाहीत, एवढंच या लेखात म्हणायचं आहे. पुरावे भरपूर आहेत.

पहिला पुरावा घराच्या दारातच सापडतो. विंडोजमध्ये रिमोट डेस्कटॉप नावाची सोय २००१ सालच्या एक्सपीपासून आहे. पुण्यातल्या पडद्यावर झाशीचा पडदा जसाच्या तसा दिसतो, माउस फिरतो, कामं होतात. चिरंजीवांना हा मार्ग मनापासून आवडतो, कारण ऑफिसात तो चालतो. मात्र ऑफिसात तो चालावा म्हणून एक अख्खा विभाग पगार घेत असतो, ही गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटते. घरच्या कॉम्प्युटरवर असतं विंडोज होम. त्यातून दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर जाता येतं, पण दुसऱ्याला आपल्याकडे येऊ देता येत नाही. ते भाग्य प्रो आणि त्यावरच्या आवृत्त्यांचं. चिरंजीव पैसे भरून प्रो घेतात. तरीही आत प्रवेश नाही, कारण तीर्थरूपांनी पासवर्डच ठेवलेला नाही. स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच टेबलावरच्या यंत्राला कुलूप कशाला, हा त्यांचा सवाल अगदीच टाकाऊ नाही. पण कोऱ्या पासवर्डाच्या खात्यावर विंडोज दुरून कोणाला शिरू देत नाही. मग पासवर्ड ठरतो आणि तो कालनिर्णयच्या पानावर, एकादशीच्या चौकटीत, पेन्सिलीने लिहिला जातो. महिना संपतो, पान उलटतं, आणि पुढच्या खेपेला चिरंजीव पासवर्ड विचारतात तेव्हा तो गेल्या महिन्यात राहिलेला असतो.

त्यानंतर पत्त्याचा प्रश्न येतो, आणि तिथे चिरंजीवांची खरी परीक्षा होते. तीर्थरूप कॉम्प्युटरवर वाचून जो पत्ता सांगतात तो १९२.१६८ने सुरू होणारा असतो. तो घरातल्या घरात चालणारा पत्ता. तसाच्या तसा लाखो घरांत असतो आणि बाहेर त्याला कोणी विचारत नाही. बाहेरचा पत्ता असतो राउटरला, आणि बहुतेक घरगुती जोडण्यांत तो कायमचा नसतो. मे महिन्यात झाशीचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो, लाईट जाते, येते, राउटर पुन्हा सुरू होतो आणि नवा पत्ता घेऊन बसतो. (जिल्ह्यातच पारीछाला औष्णिक वीज केंद्र आहे, हे झाशीकर अशा वेळी हटकून सांगतात.) डिसेंबर २०२१मध्ये झाशी स्टेशनचं नाव बदलून वीरांगना लक्ष्मीबाईंचं ठेवलं, तरी एकही पाहुणा चुकला नाही, कारण बाहेर उभ्या रिक्षावाल्याला जुनं नावही ठाऊक होतं. इंटरनेटला असा रिक्षावाला नाही. काल ज्या आकड्यावर घर होतं, आज तिथे भलत्याचंच घर असतं.

यावरही तोड आहे, बदलत्या पत्त्याचा माग ठेवणाऱ्या सेवा मिळतात, असं चिरंजीव म्हणतील. म्हणोत. पण अलीकडे पुष्कळ घरांना स्वतःचा असा बाहेरचा पत्ताच नसतो. जुन्या पद्धतीचे पत्ते जगात सुमारे ४३० कोटी. मोकळ्या पत्त्यांचे शेवटचे मोठे गठ्ठे २०११च्या फेब्रुवारीत वाटून संपले. म्हणून कंपन्या शेकडो घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देतात. जुन्या वाड्यात बिऱ्हाडं वीस आणि दिंडीदरवाजा एक असायचा, तसंच हे. फरक एवढाच, की दिंडीवर नाव विचारून आत सोडणारं कोणी नाही. आतला माणूस बाहेर गेला तर त्याचं उत्तर त्याच्यापाशी परत येतं, पण बाहेरून आलेल्याने कोणाचं दार ठोठावायचं ते ठरत नाही. राउटरच्या पानावर १००.६४ किंवा तशाच एखाद्या आकड्याने सुरू होणारा पत्ता दिसला, की हा प्रकार आहे असं समजावं आणि राउटरमधलं ‘पोर्ट’ उघडण्याचा खटाटोप सोडावा. चिरंजीव सोडत नाहीत. ते तीर्थरूपांकडून राउटर चार वेळा बंद-चालू करवून घेतात. खरं तर ते पोर्ट उघडलं नाही हे घराचं नशीबच. रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ नंबरचं दार जगजाहीर आहे आणि ते कोणाचं उघडं आहे हे हुडकत फिरणारी यंत्रं चोवीस तास चालू असतात. मे २०१९मध्ये याच सोयीत इतकं मोठं भगदाड सापडलं, की मायक्रोसॉफ्टने कधीच मोडीत काढलेल्या एक्सपीसाठीसुद्धा ठिगळ पुरवलं.

आता मोठा आक्षेप. हे सगळं जुनं झालं. टीमव्ह्यूअर, एनीडेस्क, क्रोमची दूरची सोय यांनी पत्त्याचा प्रश्नच मिटवला, मग जागेवरचे हात कशाला? आक्षेपात तथ्य आहे. ही साधनं युक्तीने चालतात. झाशीचा कॉम्प्युटर बाहेर जाऊन एका मध्यस्थ सर्व्हरला गाठतो, पुण्याचाही त्यालाच गाठतो, आणि दोघांची गाठ तिथे पडते. आत शिरायचं कोणालाच नसल्याने दिंडीचा प्रश्न येत नाही. पण गाठ पडण्यासाठी पडद्यावरचा नऊ-दहा आकडी नंबर कोणीतरी वाचून दाखवावा लागतो. तीर्थरूप तो जोडीजोडीने वाचतात: “त्रेसष्ट, एकोणऐंशी...” चिरंजीव झाशीच्या इंग्रजी शाळेत शिकलेले. “एकोणऐंशी म्हणजे?” “उन्यासी रे!” “बाबा, सेवन-नाइन का एट-नाइन?” हे निस्तरतं तोवर नंबर देणारी खिडकी मिटलेली असते. ती पुन्हा उघडून जोडणी झाली की एकाच बाणाला दोन धनी होतात. चिरंजीव बाण डावीकडे नेतात. तीर्थरूप, मदत म्हणून, उजवीकडे. आणि ऐन मोक्याला, काहीतरी बसवायची वेळ आली की, विंडोज विचारतं, या प्रोग्रॅमला बदल करू द्यायचे का? साधन नुसतं तात्पुरतं चालवलेलं असेल तर त्या क्षणी पुण्यातला पडदा गोठतो. तो प्रश्न फक्त झाशीत दिसतो आणि ‘यस’ फक्त झाशीतूनच दाबता येतं. पंधरा वर्षांचा अनुभव असलेला माणूस तिथे हतबल होऊन म्हणतो, “बाबा, तुम्ही फक्त हो म्हणा.” तीर्थरूप “हो” म्हणतात. तोंडाने.

याच्या पुढचा पुरावा जरा गंभीर आहे. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९मध्ये बँकांना सावध केलं होतं: भामटे फोन करतात, एनीडेस्क बसवायला सांगतात, नऊ आकडी नंबर मागतात आणि खातं रिकामं करतात. चिरंजीवांनी ही बातमी घरच्या ग्रुपवर स्वतः टाकलेली असते, खाली तीन लाल उद्गारचिन्हं देऊन. आता चिरंजीव आणि भामटा यांचं बोलणं शेजारी शेजारी ठेवून पाहा. दोघंही दूरच्या शहरातून बोलतात. दोघंही घाईत असतात. दोघंही म्हणतात काळजी करू नका, मी सांगतो तेवढंच करा, नंबर वाचा, हो म्हणा. भामटा अधिक गोड बोलतो, एवढाच काय तो फरक, आणि तोही चिरंजीवांच्या बाजूचा नाही. अशा स्थितीत तीर्थरूप जर म्हणाले, “नंबर मी कोणालाच सांगत नाही,” तर ते मंदबुद्धी नव्हेत. घरात शहाणपणाने वागलेला तो एकच माणूस होय. चिरंजीव मात्र याला ‘बाबांचा हट्ट’ म्हणतात.

अंगठ्याचं प्रकरण तर निर्णायकच आहे. झाशी रेल्वेचं गाव. निवृत्तिवेतनावर चालणारी घरं पुष्कळ. हयातीचा दाखला ऑनलाइन देण्याची ‘जीवन प्रमाण’ ही सोय नोव्हेंबर २०१४मध्ये सुरू झाली, आणि दर नोव्हेंबरात अंगठ्याचं यंत्र कॉम्प्युटरला जोडण्याचा सोहळा असतो. चिरंजीव पुण्यातून ड्रायव्हर बसवतात, आधार क्रमांक भरतात, सगळं यथासांग करतात आणि शेवटी अंगठा मागितला जातो. आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही काम होतं म्हणा, पण चेहराही तीर्थरूपांचाच लागतो. आपण हयात आहोत हे दुरून दुसऱ्याने सिद्ध करण्याची सोय अद्याप निघालेली नाही. प्रिंटरचीही तीच गत. पुण्यातून दिलेला हुकूम झाशीत कागदावर उमटतो खरा, पण कागद आडवा अडकला तर तो ओढायला चिरंजीवांचा हात पोचत नाही.

मग एलिट चौराह्यावरच्या दुकानातला मुलगा बोलवावा, हे सरळ उत्तर. चिरंजीव ते उडवून लावतात: तो काहीही झालं तरी फॉरमॅट मारतो. आरोप निराधार नाही. त्या एका औषधापायी किती घरांतले मुंजीचे फोटो आणि गणेश मंदिराच्या वर्गणीच्या कृतिदेवमध्ये टंकलेल्या याद्या बुडाल्या असतील, याची कल्पनाच केलेली बरी. तरीही त्या मुलाकडे एक गोष्ट आहे जी चिरंजीवांकडे नाही. तो खोलीत येतो. आल्या आल्या त्याला दिसतं, की राउटरची पिन केर काढताना निघाली आहे, किंवा काटकसर म्हणून रात्री घरातली सगळी बटणं बंद होतात त्यात कॉम्प्युटरचंही होतं. चिरंजीव मात्र दोन तास ‘नेटवर्क सेटिंग’ शोधत बसलेले असतात.

पुण्याला हे कळत नव्हतं असं नाही. बुंदेलखंडाचा हा मुलूख पेशव्यांकडे आला तेव्हा तोही दुरूनच चालवायचा होता, आणि जासुदाच्या पायांनी जाणारा हुकूम इंटरनेटपेक्षा बराच सावकाश पोचायचा. म्हणून पुण्याने नुसते हुकूम पाठवले नाहीत. १७४२ साली नारो शंकरांना सुभेदार नेमून झाशीत बसवलं. किल्ल्याचा जो भाग त्यांनी वाढवला तो आजही शंकरगढ म्हणून दाखवतात. त्यांना १७५७ साली परत बोलावलं, पुढे नेवाळकर आले. पण जागेवर माणूस हवा यात बदल झाला नाही. पुण्याचा झाशीवरचा अ‍ॅक्सेस शेवटी १८१७च्या तहाने गेला, इंग्रजांना बुंदेलखंडावरचे हक्क लिहून द्यावे लागले तेव्हा. तोवर जे चाललं ते सुभेदाराला माणूस समजल्यामुळे. चिरंजीव तीर्थरूपांना सुभेदार समजत नाहीत, रिमोटमधला सेल समजतात.

एक आक्षेप उरतो, आणि तो जरा हळवा आहे. इतक्या दूर राहून, कामाच्या रगाड्यात, मुलगा पाऊण तास फोनवर बसतो यात माया नाही का? आहे, आणि पुष्कळ आहे. शिवाय तीर्थरूप गणेशोत्सवात चारचौघांत सांगतात, “आमचा कॉम्प्युटर तो पुण्याहूनच चालवतो.” टेबलाखाली वाकून पिन कोणी घट्ट केली, ते सांगत नाहीत. पण मायेने निदान बदलत नाही. उलट, मायेपोटीच हा चुकीचा हिशेब वर्षानुवर्षं खपून जातो, कारण श्रेय एकाला आणि कंबरदुखी दुसऱ्याला, ही वाटणी दोघांनाही मान्य असते.

तेव्हा चिरंजीवांना विनंती एवढीच, की येत्या दिवाळीत झाशीला याल तेव्हा फराळाआधी अर्धा तास काढा. लाईट आल्यावर कॉम्प्युटर आपोआप सुरू व्हावा अशी एक ओळ त्याच्या बायोसमध्ये असते, ती बदला. राउटरला छोटा बॅटरी बॅकअप लावा. दूरचं साधन नीट बसवून त्याला पक्का पासवर्ड घाला आणि तो कालनिर्णयवर नको, वहीत लिहून ठेवा. तीर्थरूपांशी एक परवलीचा शब्द ठरवा, म्हणजे फोनवर तुम्हीच आहात हे त्यांना पटेल. आणि तो शब्द तुम्हीच विसरलात व त्यांनी नंबर द्यायला नकार दिला, तर चिडू नका. सायबर फसवणुकीची तक्रार १९३० या नंबरवर करतात, आणि तो नंबर त्यांच्याकडून तुम्हीच पाठ करून घेतला आहे.