शिवलेलं पोतं

आमच्या बार्शीच्या आडतीच्या दुकानाचं डोंगल तुरीच्या पोत्यातून गेलं. असं आम्हाला वाटतं, पुरावा नाही. सकाळी ते गल्ल्यावर होतं. दुपारी मापाडी, हमाल आणि खरेदीदारांची झुंबड उडाली, आणि संध्याकाळी दिवाणजी शेतकऱ्यांच्या हिशेबाच्या पट्ट्या करायला बसले तेव्हा ते नव्हतं. मधल्या वेळात दुकानातून दोनच गोष्टी बाहेर पडल्या होत्या, चहाचे रिकामे कप आणि एक्केचाळीस कट्टे तूर. चहावाल्याच्या पोराला विचारून झालं. तुरीला विचारता येईना, ती दालमिलला पोचली होती.

डोंगल म्हणजे बोटाच्या पेराएवढी हिरवी चीज. ती कॉम्प्युटरच्या भोकात खुपसली तर हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडतं, नाहीतर पडद्यावर एक इंग्रजी वाक्य येतं आणि दिवाणजी माझ्याकडे बघतात. हरवू नये म्हणून दिवाणजींनी त्याला लाल दोऱ्यानं तिजोरीच्या चोरखणाची किल्ली बांधली होती, त्यामुळे दोन्ही एकदमच हरवलं. किल्लीवाल्यानं वीस मिनिटांत चोरखण उघडून दिलं. आत नोटबंदीच्या आधीच्या पाचशेच्या चार नोटा निघाल्या. त्याबद्दल माझे वडील, अण्णा, अजून कोणाशी बोललेले नाहीत. मग किल्लीवाला कॉम्प्युटरकडे वळला, मागून-पुढून बघितलं आणि म्हणाला, “ह्याला कुलूपच दिसत न्हाई, मालक. दिसंल ते खोलतो.”

ज्या गृहस्थांनी हे सॉफ्टवेअर लिहून दिलं होतं ते पूर्वी दर दिवाळीला येत, पाया पडून वार्षिक रक्कम घेऊन जात. आता त्यांचा नंबर अस्तित्वात नव्हता. लिहिलेलं होतं फॉक्सप्रोमध्ये. त्या फॉक्सप्रोची शेवटची मोठी आवृत्ती मायक्रोसॉफ्टनं २००४ साली काढली आणि २०१५ मध्ये त्याची देखभालही थांबवली. म्हणजे सुतार बेपत्ता, आणि त्याच्या करवतीचा कारखानाही बंद.

मला सगळ्यात नवल अण्णांचं वाटलं. या माणसानं साठ वर्षांत ज्वारीचं एक पोतं तोंड न उघडता घेतलेलं नाही. वरची ज्वारी ते बघतही नाहीत. हात कोपरापर्यंत आत घालतात, तळातली मूठ काढतात, तळहातावर पसरतात, फुंकर मारतात, एक दाणा दाताखाली फोडतात, आणि मग भाव बोलतात. बाजारात कोणी शिवलेलं पोतं पुढं केलं तर लोक हसतील. आणि याच अण्णांनी सगळ्या दुकानाचा हिशेब वीस वर्षं एका शिवलेल्या पोत्यात भरून ठेवला होता. त्याचा दाभण दुसऱ्याकडे होता, आणि तो दुसरा कुठं होता ते ठाऊक नाही.

पुतण्या पुण्याहून शनिवारी आला. “काका, ओपन सोर्सवर जाऊ. लिनक्स टाकू. सोर्स कोड उघडा असतो, कोणीही वाचावा, बदलावा.”

“केवढ्याला?” अण्णांनी विचारलं.

“तसा फुकटच. पण मुद्दा फुकटचा नाही आजोबा, मुक्तपणाचा आहे.”

इंग्रजीत या दोन्हींना एकच शब्द असल्यामुळे मुक्त सॉफ्टवेअरचे पुरस्कर्ते रिचर्ड स्टॉलमन यांना १९८३ पासून जगाला तो फरक समजावत फिरावं लागलं. मराठीत सुदैवानं दोन वेगळे शब्द आहेत. अण्णांच्या मते अर्थ मात्र एकच आहे. “फुकटाच्या मालाला घट फार,” ते म्हणाले, आणि पेपर उघडला.

पुतण्यानं दाखला दिला म्युनिकचा. जर्मनीतल्या या महापालिकेनं २००३ साली विंडोज सोडायचं ठरवायला घेतलं, तेव्हा मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बामर बर्फावर घसरण्याची सुट्टी अर्धवट टाकून महापौरांना भेटायला आले. महापालिका बधली नाही. दहा वर्षं खपून सुमारे पंधरा हजार कॉम्प्युटर बदलले. पुढचं पुतण्या गाळत होता, ते मी सांगितलं: २०१७ साली त्यांनी परत फिरायचा ठराव केला.

दिवाणजींना त्यातलं एकच भावलं. “आपल्याकडं यील का कोन, घसरायचं सोडून?”

“बार्शीत घसरायला आधी पाऊस पडावा लागतो,” अण्णा पेपराआडून म्हणाले. पण नाही म्हणाले नाहीत. दिवाणजींनी मुहूर्ताला द्वादशीचा दिवस काढून दिला. पंढरीची एकादशी आणि बार्शीची द्वादशी, भगवंताच्या गावात उपास सोडायचा तो द्वादशीलाच.

आता अडचण होती जुना माल नव्या गाडीत चढवण्याची. हे दुखणं बार्शीला नवं नाही. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू केली ती अडीच फुटी रुळांवर. बार्शी लाइट रेल्वे. कंपनी खासगी, लंडनला नोंदलेली, १९५४ साली सरकारनं घेईपर्यंत खासगीच राहिली. गाडी नामी होती, तक्रार नाही. पण मुंबईची मोठी लाइन साडेपाच फुटी. त्यामुळे बार्शीचं प्रत्येक पोतं कुर्डुवाडीला एका डब्यातून उतरायचं आणि दुसऱ्यात चढायचं. अण्णा सांगतात, हमालाचा आकडा लागला की पोतं गळणारच. बार्शीत चढवलेली ज्वारी आणि मुंबईत उतरवलेली ज्वारी यांतला फरक कुर्डुवाडीच्या चिमण्या खायच्या. रूळ रुंद व्हायला एकविसावं शतक उजाडलं.

आमच्याही पोत्याला आकडा लागला. पुतण्यानं डोंगलची वाट न बघता सॉफ्टवेअरच्या मागच्या दारानं जाऊन नुसत्या फायली उचलल्या आणि लिबरऑफिसमध्ये टाकल्या. त्या बिनबोभाट उघडल्या! (हे लिबरऑफिस मला फार आवडलं. २०१० साली ओपनऑफिसचा मालक बदलला आणि नव्या मालकाशी पटेना, तेव्हा काम करणारी बरीच मंडळी उठून शेजारच्या गाळ्यात गेली, आणि जाताना सगळा मालही घेऊन गेली. जुना मालक काही म्हणू शकला नाही, कारण परवान्यातच तशी मुभा होती. मार्केट यार्डात असं झालं असतं तर पोलीस बोलवावे लागले असते.)

आकडे सगळे आले. माणसं मात्र आली नाहीत. नावाच्या रकान्यात डॉलर, टक्का, उलटे कंस आणि डोक्यावर टिंबं असलेली कुठलीशी युरोपी अक्षरं. युनिकोडात ‘क’ला स्वतःचा २३२५ हा क्रमांक आहे, तो जगात कुठंही ‘क’च राहतो. आमचा जुना फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी भाड्यानं राहत होता. फॉन्ट गेला, तसे आमचे सहाशे बारा शेतकरी फिरंगी झाले.

मग दिवाणजींनी चष्मा पुसला. “आकडा वाचा.”

“सत्तेचाळीस हजार तीनशे वीस.”

“पांगरीचे. पोरीच्या लग्नाला उचल घेतली हुती. हळदीत पाऊस आला, मांडव पडला.”

“बारा हजार सहाशे पन्नास.”

“दोघं हायेत. एक सुर्डीचा, एक वैरागचा. तारीख बोला.”

तारीख बोलली. “वैराग.”

पुतण्या टाइप करत होता. तासाभरानं त्यानं टाइप करता करता माझ्याकडे बघितलं, आणि मीही त्याच्याकडे. तीन दिवसांत सहाशे अकरा नावं झाली. एक खातं दिवाणजींनी शेवटपर्यंत ओळखलं नाही. ते त्यांचं स्वतःचं होतं.

नवीन सॉफ्टवेअर ईआरपीनेक्स्ट. हे मुंबईचं, रुषभ मेहता यांनी घरच्या फर्निचरच्या धंद्याच्या गरजेतून सुरू केलेलं आणि पुढं सगळ्यांसाठी खुलं केलेलं. पहिली पट्टी निघाली, तीत शेतकऱ्याच्या नावाआधी ‘सप्लायर’ असं छापलेलं. दिवाणजींनी ती हातातच घेतली नाही. “पांगरीचे पाटील सप्लायर? त्यास्नी ही पट्टी तुमी द्या. मी देत न्हाई.” पुतण्यानं पाच मिनिटांत ‘सप्लायर’ काढून ‘शेतकरी’ केलं, खाली हमाली, तोलाई, बारदान्याचे रकाने घातले. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ‘तोलाई’चं ‘तोलई’ झालेलं होतं, ते वीस वर्षं तसंच छापून गेलं. सांगितलं की ते गृहस्थ म्हणायचे, पुढच्या दिवाळीला करतो.

प्रिंटरनं छळलं. तीन प्रतींचा डॉट मॅट्रिक्स, प्रत्येक पट्टीमागं दीड वीत कोरा कागद ओकायचा. स्टॉलमन यांचं वैरही म्हणे प्रिंटरपासूनच सुरू झालं. त्यांच्या प्रयोगशाळेतला प्रिंटर अडकायचा, आणि दुरुस्त करायला त्याचा कोड कोणी देईना. त्यातून त्यांनी चळवळ उभारली. आम्ही कोरा कागद फाडून भावाच्या चिठ्ठ्या केल्या, चौथ्या दिवशी पुतण्याला तोडगा सापडला आणि आता चिठ्ठ्यांना कागद विकत आणावा लागतो.

सगळ्यात उशिरा बदलली ती दिवाणजींची बोटं. मेंदूला कळलं होतं की एफ-आठ आता काही करत नाही, करंगळीला महिनाभर कळलं नाही. अण्णांनी मात्र एकदाच येऊन विचारलं, “आत बघता येतं म्हणतोस ना? दाखव.” पुतण्यानं कोड उघडला. अण्णांनी पडद्यावर बोट ठेवून तळापर्यंत सरकवत नेलं. समजलं काहीच नाही. “खाली पण असलंच आहे,” ते म्हणाले, आणि मान डोलावली.

तर मंडळी, यंदाची तूरडाळ निवडताना लाल दोरा बांधलेली हिरवी चीज आणि एक किल्ली हाताला लागली तर आमच्याकडे पाठवायची तसदी घेऊ नका. फक्त तेवढ्या वजनाची तूर तुम्हाला कमी भरली असेल, तर पट्टी घेऊन दुकानावर या. दिवाणजी वळती करून देतील.